गौरीचा शेपू

अहो, ऐकलंत का? गौरी आल्या त्या दिवशीचं… नाही, तुम्ही तेव्हा माहेरी होतात, तुम्हाला कुठून कळायचं! या, जरा कुंपणाच्या या बाजूला या, तिकडं मोटार चालू आहे, ऐकू यायचं नाही. तर पिवळ्या बंगल्यातल्या वहिनींनी पहिल्या दिवशीचा नैवेद्य केला होता, भाकरी आणि शेपूची भाजी. त्यांचं कोल्हापूरकडचं ना, शेपू नसला तर गौर उंबरा ओलांडत नाही त्यांच्याकडं. आणि भाजी अशी झाली होती म्हणून सांगू… कोवळी, हिरवीगार, वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत. सगळ्या विचारताहेत, एवढा ताजा सब्बसिगे सोप्पू मिळाला कुठं? वहिनी खुशीत, ‘‘आमचे हे पहाटे उठून मार्केटातून घेऊन आले.’’ तेवढ्यात आपली अक्का, तीच हो, बादल्या गोळा करणारी, हळदीकुंकवाला टेकली होती जरा. ती म्हणाली, अगदी साधेपणानं, तिच्या मनात काही नसतं, ‘‘मार्केटातून कुठला? सर काल संध्याकाळी अण्णांच्या वाफ्यातून घेऊन गेले की. आपल्या गोब्बराचा पहिला तोडा!’’

अहो, वहिनींचा चेहरा! हातातली पळी तशीच. मिस्टर एकदम पंख्याकडं बघायला लागले, जणू तो आजच बसवलाय. कोणी हसायला तयार नाही, आणि कोणाला हसू आवरतही नाही. मी आपली कुंकवाच्या कोयरीत बघत बसले.

आता यात एवढं काय, असं एखाद्या नवख्याला वाटेल. पण तुम्हाला माहितीच आहे, ‘आपल्या गोब्बराचा’ म्हणजे कशाचा ते. तुमच्या, माझ्या, सगळ्या गल्लीच्या उष्ट्याच्या, सालपटांच्या, आंबलेल्या इडलीपिठाच्या खताचा. आणि त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं होतं? मीटिंगमध्ये? माइक नसताना?

त्या मीटिंगला तुम्ही होतात का? होतात ना, पण मागं बसला होतात, पुढच्या रांगेत काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसणार. अध्यक्षांनी सुरुवातच मंडूरपासून केली. त्यांचं नेहमीचंच आहे ते, पण या वेळी बरोबर होतं. म्हणाले, विसरलात? २०१४ साली सगळ्या बेंगळुरूचा कचरा आपल्या उशाशी येऊन पडत होता, मंडूरला. गावकरी रस्त्यावर बसले, ट्रक अडवले, पोलीस आले, आणि शेवटी १ डिसेंबरपासून ट्रक बंद करू असा शब्द सरकारला द्यावा लागला. बंद झाले, पण डोंगर तिथंच राहिला! आणि तो डोंगर झाला कशानं, तर ओलं आणि सुकं एकाच पिशवीत गाठ मारून टाकल्यानं. नुसती भाजीची देठं असती तर त्याची केव्हाच माती झाली असती. प्लास्टिकच्या पोटात कोंडली की ती कुजत राहतात, पाणी सुटतं, काळंकुट्ट, आणि ते उतरतं थेट विहिरीत. मंडूरच्या लोकांचं पाणी आठवा म्हणाले, आणि सगळे गप्प.

मग त्यांनी तो नियम काढला, २०१६ चा. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी आपला आपण निस्तरायचा वगैरे. आपण काही शंभर किलोवाले नाही, पण गाडी आठवड्यात कधी उगवेल याचा नेम नाही, आणि कोपऱ्यावर कुत्र्यांची जी सभा भरायची… तर काय सांगत होते, हां, अक्कानं सुचवलं. तिच्या वाटेत अण्णांचं शेत लागतं, आपल्या मागच्या भिंतीला लागून, अर्धा एकर असेल. टोमॅटो, वांगी, दंटिन सोप्पू, कोथिंबीर. अण्णा म्हणे हसि कसा, म्हणजे ओला कचरा, घ्यायला तयार आहेत, फुकट. फक्त प्लास्टिक नको, आणि सुया-काचा नकोत. बदल्यात खड्ड्यापुरती पालापाचोळ्याची सोय आपण करायची, आपल्या झाडांचा पाला जाळायचा नाही.

हे ऐकल्याबरोबर पिवळ्या बंगल्यातून… म्हणजे वहिनी उठल्या. ‘‘उष्ट्याखरकट्यावर वाढलेली भाजी देवाला कशी चालेल? कोणाकोणाच्या घरचं उष्टं, कोण काय खातं, कोण काय नाही…’’ आणि हे म्हणताना त्यांनी हळूच हिरव्या गेटवाल्यांकडं पाहिलं, ते मला अजिबात आवडलं नाही. हिरव्या गेटवालीनं पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत बसली. अध्यक्षांचाही चेहरा पडला, कारण त्यांना वाटलं होतं पाच मिनिटांत ठराव पास होईल.

आणि मग कोण बोललं सांगू? वहिनींच्या सासूबाई! त्या दिवशी त्या आल्या होत्या, नेमक्या. ऐंशीच्या पुढं वय, आवाज खणखणीत. म्हणाल्या, ‘‘सूनबाई, तुझ्या लग्नात जे अळूचं फदफदं वाढलं होतं ना, ते अळू आमच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेलं. परसात मोरीचं पाणी जिथं जायचं तिथंच अळू, तिथंच केळ. खरकटं उकिरड्यात, उकिरडा उन्हाळ्यात शेतात. देवाला बारा महिने तेच चालत होतं.’’ अहो, सभेत अशी शांतता! सासूबाई काही थांबेनात. त्या गारगोटीच्या, आणि गारगोटीला मौनी विद्यापीठात श्री. अ. दाभोलकर गणित शिकवायचे. हो हो, आपल्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊच ते. शिकवायचे गणित, पण डोकं सगळं शेतात. ‘प्रयोग परिवार’ काढला, तासगावच्या द्राक्षवाल्यांना एकत्र बसवून एकमेकांचं बघून शिकायला लावलं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं घर पोटभर खाऊ शकतं असं ते मांडायचे, आणि त्याचं भांडवल काय, तर ऊन, पाणी आणि आपण फेकतो तो पालापाचोळा, कचरा. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही बेंगळुरूत राहून एवढी शिकलेली माणसं, आणि बादलीभर सालींना घाबरता?

ठराव पास. वहिनींनी हात वर केला नाही, पण खालीही केला नाही. केसाची पिन नीट करत होत्या.

तेव्हा सेक्रेटरी, ते कन्नड आहेत ना, मला हळूच म्हणाले, तुम्ही मराठी लोक इथं होसकोटेला येऊन आमच्या मीटिंग गाजवता. मी म्हटलं, सर, पावणेचारशेच्या वर वर्षं झाली, शहाजीराजांची जहागीर होती ही, बेंगळुरू, होसकोटे, कोलार, सगळं. हसले बिचारे. पण ते जाऊ दे.

तर सुरुवातीचे दिवस… अहो, वास! तुमच्याकडं आला नसेल, तुमचं घर वाऱ्याच्या उलट बाजूला. दुसऱ्याच आठवड्यात वहिनी नाकाला रुमाल लावून अध्यक्षांच्या दारात. चूक अण्णांची नव्हती हो, आपलीच सगळ्यांची. पाला द्यायचं कबूल केलं आणि दिला कोणी? नुसता ओला कचरा जात होता. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात चारातले तीन भाग तर पाणीच असतं. ते साचलं की खाली हवा जात नाही, आणि हवेवाचून जे जगतात ते जिवाणू सगळं आंबवून टाकतात. वास त्याचा. पिठलं पातळ झालं की वरून पीठ भुरभुरतो ना आपण, तेच इथं करायचं असतं, फक्त पिठाच्या जागी सुका पाला, नारळाच्या काथ्याचा भुसा, लाकडाचा भुसा काही असेल ते. तिसऱ्या घरातल्या वहिनींचा मुलगा, तो आयटीतला, त्यानं मोबाइलवर काढून दाखवलं, एका भाग नत्राला तीसेक भाग कार्बन लागतो, तेवढं जमलं की ढीग आपोआप तापतो. आणि खरंच तापला! काथ्या तर इकडं कवडीमोल, तुमकूरकडून येतो, अण्णांनी एक ट्रॅक्टर आणला. चार दिवसांत अक्का ओरडत आली, या, बघा, वाफ निघतेय! मी गेले होते बघायला. हात घालवेना. पंचावन्न-साठ डिग्री असतं म्हणे आत, त्यात रोगाचे जंतू मरतात, तणाचं बी मरतं. वर टोमॅटोच्या बिया पडलेल्या असतात ना आपल्या कोशिंबिरीतल्या, त्या उगवू नयेत म्हणूनसुद्धा ते तापणं लागतं. आंबट ताक टाकायचं मात्र मी सुचवलं होतं, ते कोणी लक्षात ठेवणार नाही.

आणि अळ्यांचा किस्सा तर… हा सांगायलाच हवा. वहिनी एकदा बघायला गेल्या, म्हणजे पकडायला गेल्या, काही खोट सापडते का ते. ढिगाच्या कडेला पांढुरक्या जाड अळ्या, वळवळ वळवळ. अशी किंकाळी फोडली की वॉचमन काठी घेऊन धावला, त्याला वाटलं साप. अक्का म्हणते, अहो, त्या चांगल्या! काळ्या शिपाईमाशीच्या अळ्या त्या, खरकटं भराभर फस्त करतात, चावत नाहीत, ती माशी आपल्या घरात येऊन ताटावर बसत नाही. अण्णांच्या कोंबड्यांची चैन झाली त्यावर. पण वहिनींनी त्या दिवसापासून अंडी घेणं बंद केलं. पंधरा दिवस. मग पुन्हा सुरू.

आता तुम्हाला खरी गंमत सांगते, पण ही आपल्यातच ठेवा. बादली काय काय बोलते! आधी सगळं काळ्या पिशवीत गाठ मारून जायचं, कोणाचं कोणाला कळायचं नाही. आता ओलं वेगळं, उघडं, आणि अक्काच्या हातून जातं. तिला प्रत्येक घराची कुंडली पाठ. कोणाकडं एकादशीला कांद्याची सालं निघतात, कोण ‘मी डाएटवर’ सांगून लाडवाचे कागद लपवतं, कोणाकडं अर्धं अर्धं सफरचंद फेकतात. हिरव्या गेटवाल्यांची बादली म्हणे सगळ्यात स्वच्छ, देठसुद्धा वाया घालवत नाही ती, तिथं फक्त चहाची पावडर आणि मुळ्याची टोकं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं. मीटिंगमधली ती नजर आठवत होती ना मला.

आणि एका सोमवारी पिवळ्या बंगल्याच्या बादलीत हाडं. मटणाची. होय हो! अंडी सोडली तर शुद्ध शाकाहारी घर! अक्कानं मला विचारलं, अम्मा, यांच्याकडं पाहुणे आले होते का? मला काय माहीत? मग दूधवाल्याकडून कळलं, रविवारी पहाटे चार वाजता होसकोटेच्या दम बिर्याणीच्या रांगेत मिस्टर उभे. थंडीत, मफलर गुंडाळून, तोंड झाकून. आता बेंगळुरूहून गाड्या घेऊन लोक येतात त्या रांगेत, तासन्‌तास उभे राहतात, तिथं होसकोटेच्या माणसानं उभं राहिलं तर बिघडलं कुठं? पण वहिनींना माहीत नव्हतं ना! डबा गॅरेजमध्ये उघडायचे, हाडं कागदात गुंडाळून बादलीच्या तळाशी. अण्णांनी मोठ्या मनानं एवढंच कळवलं की हाडं ढिगात लवकर कुजत नाहीत, कुत्री उकरतात, तेव्हा टाकू नये. त्यावरून अध्यक्षांनी गेटवर नोटीस लावली, कन्नडमध्ये, इंग्लिशमध्ये. नाव कोणाचं घातलं नाही. मिस्टर नोटिशीपुढून जाताना दर वेळी फोन कानाला लावतात.

बिर्याणीचं सोडा, लग्नांचं बघा. आपल्या हायवेवर एवढे कल्याण मंटप, मुहूर्ताच्या दिवसांत पानंच्या पानं भरून फेकलेलं असतं. हेब्बाळच्या कृषी विद्यापीठानं २०१२ च्या सुमाराला मोजून काढलं होतं, बेंगळुरूच्या लग्नांतून वर्षाला ९४३ टन चांगलं अन्न वाया जातं. चांगलं, हो, नासकं नव्हे! मी हे तिसऱ्या घरातल्या वहिनींना सांगितलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या, मुलाच्या लग्नात चौदा पदार्थ केले होते ना त्यांनी. पहिलं तर ते माणसांच्या पोटात जायला हवं, तिथं नाही तर जनावरांच्या, आणि उरलं तर मातीत. थेट खड्ड्यात कशाला? अण्णांना एका मंटपवाल्यानं विचारलं होतं, सगळं उरलेलं घेऊन जा म्हणून. अण्णांनी पहिल्या खेपेलाच नको म्हटलं. सांबार, लोणचं, पापड, तळणाचं तेल, मीठ केवढं त्यात! मीठ मातीत साठतं, रोपाची मुळं पाणी ओढू शकत नाहीत, पानांच्या कडा जळतात. घरच्या बादलीत ते थोडं असतं, पाल्यात विरून जातं. मंटपाच्या पिंपात मात्र… त्यांनी केळीची पानं तेवढी आणली, बाकी परत.

तर काय सांगत होते, अण्णांचं डोकं. मला वाटायचं, आता ते युरिया सोडणार, सगळं सेंद्रिय, बोर्ड लावणार. नाही! आयटीवाल्या मुलानं हिशोब मांडला त्यांच्यासमोर, मी तिथंच होते, कोथिंबीर घ्यायला गेले होते. युरियाची ४५ किलोची गोणी, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळजवळ २१ किलो. आपल्या खतात धरा एक टक्का. तेवढंच नत्र द्यायचं तर दोन टन खत! आणि त्यातलंही पहिल्या वर्षी थोडंच मोकळं होतं, बाकी मातीत हळूहळू. तो पोरगा विजयी चेहऱ्यानं बघतोय. अण्णांनी विडी विझवली आणि म्हणाले, ‘‘युरियात नत्राशिवाय काय आहे?’’ पोराचं तोंड बघण्यासारखं.

कारण ही तांबडी माती, पाणी ठेवत नाही, पाऊस आला की सगळं वाहून खाली. खत घातलं की ती भुसभुशीत होते, ओल धरते, टाकलेला युरियाही मुळांपाशी टिकतो. शिवाय पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, लोह, बोरॉन, सगळं थोडं थोडं, कारण आपण जे खातो त्यातच ते असतं ना. केळ्याच्या सालीत पालाश भरपूर. अंड्याच्या टरफलात चुनाच चुना, पण कुटून घातलं तर, आख्खी टरफलं वर्षानुवर्षं तशीच दिसतात. अण्णा अजून युरिया टाकतात, निम्मा केलाय. आणि हेसरघट्ट्याच्या बागायती संस्थेचं ते ‘अर्का व्हेजिटेबल स्पेशल’ पाण्यात कालवून पानांवर फवारतात, सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी. सेंद्रियवाल्यांना हे ऐकून ठसका लागेल. मला मात्र ते पटलं. जिथं जस्तच कमी तिथं भाजीत जस्त येणार कुठून? खड्ड्यातून जादू होत नाही, जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर येतं.

हां, एक मात्र अण्णा फार कडक आहेत. खत पिकल्याशिवाय वाफ्यात नाही. काळं, भुरभुरीत, पावसानंतरच्या मातीचा वास आला पाहिजे. आणि शेवटी मेथीची परीक्षा. ओंजळभर खतात मूठभर मेथी पेरायची, ती नीट उगवली तर खत पिकलं, पिवळी पडून मान टाकली तर अजून कच्चं. पालेभाजी आपण कच्ची खातो, कोथिंबीर तर वरून भुरभुरतो, तिच्या अंगाला कच्चं खत लागलेलं चालणारच नाही. मी घरी येऊन कुंडीत करून बघितलं, छान उगवली.

आणि शहराचं मिसळलेलं कचराखत तर ते फुकट दिलं तरी घेणार नाहीत. सरकारी नियमात त्याच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत हो, खतनियंत्रण आदेशात, किलोमागं शिसं शंभर मिलिग्रॅमच्या वर नको, कॅडमियम पाचच्या वर नको. पण सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट एकत्र टाकणाऱ्यांना कोण विचारतंय? हिरव्या भाज्या ते शिसं-कॅडमियम ओढून घेतात. म्हणून अक्का बादलीत एक सेल दिसला तरी अख्खी बादली दारात परत ठेवते. अध्यक्षांची ठेवली होती एकदा. रिमोटचा सेल निघाला, ते नातवावर ढकलत होते.

निळ्या गेटवाल्यांची लेक सोलला असते ना, ती गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिला हे सगळं दाखवायला नेलं. तिला काही नवल नाही! म्हणे तिथं २००५ पासून अन्नाचा कचरा जमिनीत पुरायलाच बंदी, आणि २०१३ पासून तर वजनावर पैसे. बिल्डिंगखाली डबा, कार्ड लावलं की झाकण उघडतं, टाकलं की वजन होतं, महिन्याला बिल. लोक टाकायच्या आधी पाणी निथळून घेतात, पैसे वाचवायला. हे ऐकून आपल्याकडच्या दोघीतिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा मी मुद्दाम सांगितलं, कोरिया कशाला, आपल्या मुंबईत बघा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनमध्ये प्रीती पाटील म्हणून कॅटरिंग ऑफिसर, तीनेक हजार कर्मचाऱ्यांचं जेवण तिथं बनायचं, उरलेल्या कचऱ्याचं करायचं काय? डॉक्टर दोशींकडून शिकून २००२ साली गच्चीवरच बाग सुरू केली. कर्मचारीच फावल्या वेळात राबले, आणि फळं, भाज्या, सगळं गच्चीवर! माझी मावसबहीण माझगावला असायची, ती सांगायची गोदीत पेरू पिकतात, आम्ही हसायचो. इथं बेंगळुरूतही डॉक्टर विश्वनाथांनी गच्चीवरच्या भाजीचं केवढं वेड लावलं लोकांना, २०११ पासून ते ‘ऊट फ्रॉम युवर तोट’ भरतं, बियाणं काय, खताची मडकी काय, जत्रा नुसती. मागं मी तिथून भोपळ्याचं बी आणलं होतं, वहिनींनाही दिलं होतं चार. त्यांनी टाकलं की नाही देव जाणे.

तर काय सांगत होते… हां, शेपू! तर अक्कानं तसं म्हटल्यावर सगळ्या स्तब्ध. वहिनींच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी, कारण नैवेद्य तर दाखवून झालेला. परत घेता येतो का? तेव्हा सासूबाईंनी काय करावं? भाकरीचा तुकडा मोडला, शेपूला लावला, खाल्ला, आणि म्हणाल्या, ‘‘गौरीला चालला. मला आणखी वाढ.’’ मग काय, सगळ्यांनीच घेतला. मीही. चवीला खरंच चांगला होता हो. आता अण्णा म्हणतात ती खताची करणी, माझं मत विचाराल तर भाजी संध्याकाळी उपटली आणि सकाळी शिजली, त्याची चव ती. मार्केटातली जुडी दोन दिवस गोणपाटात घुसमटून येते, ती कशी लागणार?

त्यानंतर आठवडाभर वहिनी कोणाशी बोलल्या नाहीत. मिस्टर रोज चालायला जातात ते दुसऱ्या रस्त्यानं. आणि परवा, दिवेलागणीला, मी तुळशीपाशी होते म्हणून दिसलं, वहिनी मागच्या भिंतीपाशी! इकडं तिकडं बघत अण्णांना हाक मारताहेत. गुलाबाला खत हवंय. दोन गोण्या. हळू आवाजात, पण मला ऐकू येतंच. अण्णा म्हणाले, महिनाभर थांबा, आताचा ढीग पिकलेला नाही. वहिनी घुटमळल्या. मग विचारतात कशा, ‘‘अण्णा, सगळ्यांचं एकत्र नको… फक्त आमच्याच बादलीचं वेगळं करून मिळेल का?’’

अण्णांना कळेचना काय म्हणताहेत. अक्का तिथंच काथ्या पसरत होती. ती म्हणाली, ‘‘मिळेल की, अम्मा. तुमच्या घरचं रोजचं किलोभर, वर्षाचं कुजून एखादी गोणी होईल, दोन नाही. पण आधी त्यातली हाडं वेचायला मला वेगळी मजुरी लागेल.’’

‘‘कसली हाडं?’’ वहिनी म्हणाल्या.